रुखवतातल्या वाकड्या कुरडया

या मंडळी, पुढं या! पुढची सतरंजी काय रुसलीय का तुमच्यावर? आणि मागं भिंतीला टेकून बसलेले — मला कळतंय हं, ऐकायला बसलाय का डुलक्या काढायला! तबलजी, हात आवरा जरा. आख्यान मोठं आहे, आत्ताच घाम गाळू नका.

तर ऐका. आज माझ्याकडं एकच प्रश्न आहे. अभिमान — हे पाप का पुण्य?

“पाप!” — वा! कोण बोललं? शाबास. लहानपणापासून हेच पाठ केलंय आपण. अभिमान आला की माणूस पडला! मग मला सांगा, गेल्या साली तुमचा नातू दहावी पास झाला, तेव्हा सगळ्या आळीला पेढे कुणी वाटले? छाती कुणाची फुगली होती? ते पाप नव्हतं? आता कसे गप्प बसलात! म्हणजे प्रश्न वाटतो तेवढा सोपा नाही, मंडळी. आणि त्याचं उत्तर मी देणारच नाही. उत्तर देईल राहेलबाई.

राहेलबाई त्रिभुवन! मुक्काम माळेवडगाव. चर्चच्या कुंपणाला लागून घर, पुढं ऐसपैस अंगण. वय साठीच्या आसपास, आवाज मात्र विशीतला. आणि हात? हात कुरडईचा! काय सांगू तुम्हाला! तिची कुरडई म्हणजे पांढरीशुभ्र, आणि गोल कशी — तर वाटी ठेवून आखावी अशी! कढईत टाकली की ताटभर फुलायची. आसपासच्या गावात कुणाचं लग्न निघालं, की माणसं आधी पाळकसाहेबांकडं जायची तारीख धरायला, आणि तिथून सरळ राहेलबाईकडं, कुरडया सांगायला.

कशासाठी? रुखवतासाठी! आपण ख्रिस्ती झालो, मंडळी, पुष्कळ गोष्टी सोडल्या. रुखवत सोडलं का? नाव नको! लग्नाच्या मांडवात टेबल लावायचं, नवरीकडच्यांनी केलेलं सगळं त्यावर मांडायचं, आणि मग नवऱ्याकडच्या बायका येतात चष्मे लावून. ही तपासणी आपल्या सेशन कोर्टातसुद्धा होत नसेल! त्या टेबलाशी कुणी विचारलं, “कुरडई कुणाच्या हातची हो?” — की राहेलबाई पदर सारखा करून हजर. “माझ्या हातची!” झालं. त्या दोन शब्दांवर बाई वर्षभर जगायची.

आणि कुरडया घालायच्या त्या सोऱ्याला दुसऱ्या कुणाचा हात लागलेला तिला खपायचा नाही. सून आली मदतीला — लांब हो! शेजारीण आली — बस तिकडं, चहा घे! नवरा शमुवेलभाऊ, बिचारा देवमाणूस. त्याला काम एकच. बाजेशेजारी बसायचं आणि कावळे हाकायचे.

आता कुरडया वाळायच्या उन्हाळ्यात, आणि पोरांना सुट्टीही उन्हाळ्यात. चर्चच्या पटांगणात क्रिकेट! चेंडू उडाला की पडायचा कुठं? नेमका ओल्या कुरडयांवर! मग राहेलबाईचा तो आवाज — “आलेऽ का पुन्हा!” चेंडू जप्त, पत्र्याच्या डब्यात बंद. पोरांनी बाईचं नावच पाडलं होतं, ‘जप्तीवाली’. आणि या सगळ्या फौजेची म्होरकी होती एक नऊ वर्षांची पोरगी, भालेरावांची. नाव काय? एंजल! आईबापानं नाव ठेवलं देवदूताचं, आणि पोरगी असली बोलिंग टाकायची की मोठमोठ्या पोरांचे स्टंप उडायचे.

बरं. एका रविवारी उपासना संपत आली. पाळक होते शिरसाठसाहेब, तरुण माणूस, नवीनच बदलून आलेले. ते म्हणाले, “मंडळी, पुढच्या आठवड्यात मुलांचा उन्हाळी बायबल वर्ग घ्यायचाय. मदतनीस पाहिजे. आपण प्रार्थना करू या, आणि ज्याला प्रभू सांगेल त्यानं हात वर करावा.” झाली प्रार्थना सुरू! आता तुम्हाला ठाऊक आहे, अशा वेळी आपण किती भक्तीनं डोळे मिटतो. एरवी उघडेच असतात, पण मदतनीस पाहिजे म्हटलं की — घट्ट!

राहेलबाईचे डोळे मात्र उघडे होते. कारण खिडकीत एंजल होती! आणि ती राहेलबाईकडं बघून काय करत होती? जीभ दाखवत होती! भर उपासनेत! बाईनं दात ओठ खाल्ले आणि उगारला की हात — “थांब, देते एक!” आणि नेमके त्याच क्षणी पाळकसाहेबांनी डोळे उघडले.

“प्रभूची स्तुती असो! राहेलमावशी!”

झाला ना घोटाळा! आणि त्या गावात रीत अशी, की हात वर केला, माणसाला तिथल्या तिथं पुढं बोलवायचं, वडीलधाऱ्यांनी डोक्यावर हात ठेवायचे आणि प्रार्थना करायची. प्रार्थना झाली की संपलं! मग माघार नाही. राहेलबाई सांगायला तोंड उघडणार, “अहो साहेब, मी तर त्या कार्टीला —” तेवढ्यात मागून सिंधूबाई उजगरे फिस्सकन हसली. “राहेलबाई आणि पोरं? पहिल्याच दिवशी पळतील सगळी!”

बास! बाईनं तोंड मिटलं. पदर खोचला. आणि तरातरा चालत गेली की पुढं! सेवेची हाक-बिक काही नाही, मंडळी. बाईला पुढं नेलं ते नुसत्या अभिमानानं! “मला जमणार नाही म्हणते काय ही!” — डोक्यावर हात ठेवून वडीलधारे प्रार्थना करतायत, आणि हिच्या मनात हे चाललंय.

सोमवारी वर्ग सुरू. पटांगणात सतरंजी अंथरली, फळ्यावर रंगीत खडूनं चित्र काढलं, पाळकसाहेब पेटी घेऊन बसले. राहेलबाई नवं लुगडं नेसून उभी. आणि पोरं? एक नाही! पोरं तिकडं ओढ्याच्या काठाला खेळत होती. जप्तीवाली आहे म्हटल्यावर कोण येतंय? मंगळवारी तेच. पाळकसाहेबांनी एकट्यानंच दोन गीतं म्हटली, झाडावरच्या साळुंक्यांनी ऐकली.

दुपारी ते हळूच म्हणाले, “मावशी, उद्याही कुणी आलं नाही, तर यंदा वर्ग राहू देऊ.” का येत नाहीत, ते बोलले नाहीत. बोलायची गरजच नव्हती. राहेलबाई घरी आली ती पायात दगड बांधल्यासारखी. चर्च बांधलं तेव्हापासून हा वर्ग कधी चुकला नव्हता. हिच्या आजीनं घेतला, हिच्या सासूनं घेतला. आणि आता गाव म्हणणार, राहेलबाईनं बंद पाडला!

सिंधूबाईच्या लेकीचं लग्न महिनाअखेरीला, रुखवताच्या कुरडया राहेलबाईकडंच सांगितलेल्या. गहू आधीच भिजवलेले होते. वर्ग काही होत नाही असं धरून तिनं त्या दुपारी चीक काढला आणि पातेल्यात निवळायला ठेवला. म्हणजे सकाळी शिजवायचा आणि गरम गरम घालायचा. हातानं काम चाललं होतं, पण डोक्यात वर्गच! संध्याकाळ झाली तशी तिनं पत्र्याचा डबा काखेत मारला आणि निघाली. शमुवेलभाऊ म्हणाला, “कुठं चाललीस?” तोवर बाई अंगणाबाहेर!

दारोदार फिरली, मंडळी! जप्तीवाली दारात उभी राहिली की पोरं माजघरात! ज्याचा त्याचा चेंडू ज्याच्या त्याच्या उंबऱ्यावर ठेवायचा, “उद्या वर्गाला ये” म्हणायचं, पुढं जायचं. शेवटी भालेरावांचं घर. एंजल आईच्या पदराआड.

“घे तुझे चेंडू. उद्या ये वर्गाला. आणि ती तुझी फौज पण आण.”

“मारणार नाही ना?”

“नाही.”

“ओरडणार?”

राहेलबाईनं जरा विचार केला. खोटं कसं बोलायचं? “ओरडेन थोडी.”

एंजलनंही विचार केला. सौदा बरा होता. “येते,” म्हणाली.

सकाळ झाली. राहेलबाईनं पातेल्यावरचं झाकण काढलं. चीक असा बसलेला — लोण्यासारखा! आता नाही शिजवला तर दुपारपर्यंत आंबून फुकट जाणार. आणि तेवढ्यात कुंपणापलीकडं हा गलबला! पोरंच पोरं! एंजलनं सगळी आळी गोळा करून आणली होती, कडेवरच्या धाकट्या भावंडांसकट! आता काय करायचं? चीक शिजवावा तर वर्ग जातो, वर्ग धरावा तर चीक जातो. एका हाताला रुखवताचा शब्द, दुसऱ्या हाताला डोक्यावर हात ठेवून केलेली प्रार्थना! सांगा, तुम्ही काय केलं असतं? चीकच शिजवला असता! मला माहीत आहे ना तुम्ही!

राहेलबाई कुंपणाशी गेली आणि त्या विशीतल्या आवाजात ओरडली, “साहेब! आजचा वर्ग माझ्या अंगणात!”

पोरांच्या पायांना ब्रेक लागले. जिथून आयुष्यभर हाकललं, त्या अंगणात? मग एंजल पुढं झाली, आणि तिच्यामागं सगळी शिरली आत!

मग काय मजा, मंडळी! चूल पेटली. शमुवेलभाऊला कावळ्यांवरून काढून चीक घाटायला बसवलं. बढतीच झाली म्हणायची! बाजेवर ओलं धोतर पसरलं, पाळकसाहेबांनी पेटी काढली, आणि राहेलबाई सोऱ्या भरता भरता गोष्ट सांगायला लागली. कुठली? तीच! प्रभूच्या मागं हजारो माणसं, सगळ्यांच्या पोटात भूक, आणि खायला कुणाकडं काही नाही. एका पोराकडं होत्या, पाच भाकरी आणि दोन मासे. सोऱ्या घातला, फिरवला, कुरडई गोल! “त्या पोरानं दिल्या हो भाकरी!” पुन्हा सोऱ्या, पुन्हा गोल! पोरं आ वासून बघतायत.

“मावशी, मी घालू एक?” — एंजल.

बाईच्या तोंडात ‘लांब हो’ आलंच होतं! पण चीक निवायला लागलेला, पातेलं भरलेलं, दोन हात पुरेनात. आणि वर्ग होता ना तो! पोरांना कामाला लावायचं नाही तर वर्ग कसला? तिनं सोऱ्या तिच्या हातात दिला. पोरीनं जोर लावून फिरवला, आणि धोतरावर काय पडलं? देवालाच ठाऊक! एक टोक इकडं, एक तिकडं, मध्ये गाठ. पोरगी मात्र बघतेय कशी, तर कप मिळाल्यासारखी!

राहेलबाईचा हात आपोआप पुढं गेला. वाकडी कुरडई गोळा करायची आणि परत सोऱ्यात कोंबायची, चाळीस वर्षांची सवय! बोटं कुरडईला लागणार, इतक्यात पोरीनं विचारलं,

“मावशी, त्या पोराच्या भाकरी गोल होत्या का?”

वा रे पोरी! मंडळी, मी इतकी वर्षं ही गोष्ट सांगतो. मला कधी सुचलं नाही हो! प्रभूनं त्या पोराच्या भाकरी हातात घेतल्या, तेव्हा म्हणाला का, “बाळ, ही जरा करपलीय, दुसरी आण”? म्हणाला का, “हिला कडा नाहीत”? जशा होत्या तशा घेतल्या, उपकार मानले, आणि वाटल्या!

राहेलबाईचा हात तसाच थांबला. मग ती म्हणाली, “दुसरी घाल.” बस, एवढंच! आणि मग काय, सगळ्या फौजेनं घातल्या! कुणाचा हत्ती, कुणाची चप्पल, कुणाच्या कुरडईला शेपूट. ऊन वर यायच्या आत बाज भरली, दुसरी भरली. तिच्या हातच्या दोन-चार गोल कुरडया होत्या, त्या पोरांनी वर्ग सुटता सुटता ओल्याच खाऊन टाकल्या! ओल्या कुरडया गोडच लागतात, मीही खाल्ल्यात लहानपणी.

जाता जाता एंजलनं दारातून विचारलं, “आमच्या कुरडया रुखवतात मांडणार ना?”

“मांडणार,” राहेलबाई म्हणाली. आणि पोरं गेल्यावर बाजेकडं बघून मटकन खाली बसली.

शमुवेलभाऊनं हळूच सांगितलं, “अगं, लग्नाला अवकाश आहे. गहू आहेत घरात. पुन्हा घाल तुझ्या हातानं. पोरांना काय कळतंय?”

खरं होतं की ते! सगळं सावरता येत होतं. वाकड्या घरी तळून खायच्या, गोल मांडवात पाठवायच्या, नाव शाबूत! पण त्या रिकाम्या अंगणात बाईला आपली लेक आठवली. प्रमिला. एवढीच होती, एंजलएवढी. तिनंही एकदा सोऱ्या ओढून घेऊन एक वाकडी कुरडई घातली होती. आणि राहेलबाईनं काय केलं होतं? एक शब्द न बोलता ती कुस्करली आणि सोऱ्यात भरली. पोरगी रडली नाही. उठून आत गेली, आणि पुन्हा कधी त्या बाजेपाशी फिरकली नाही. आज ती पुण्यात संसार करते. कुरडया दुकानातून आणते! कुणाची लेक? राहेलबाईची! बाईला हे इतक्या वर्षांत कधी लागलं नव्हतं. त्या दुपारी लागलं, आणि असं लागलं की पदर तोंडाला लावून ती रडली.

तबलजी, आता द्या ठेका. साधाच:

मूठ माझी घट्ट। माझेपण आत।
देवा, तुझा हात। मावेल का॥

म्हणा माझ्याबरोबर! ... मावेल का! ... बरं, पुरे. गोष्ट मांडवाच्या दारात येऊन उभी आहे.

राहेलबाई उठली, कुरडया दोन दिवस कडक वाळू दिल्या, टोपल्यात भरल्या आणि सिंधूबाईकडं गेली. चोरून-मारून काही नाही. टोपलं उघडून समोर ठेवलं, सगळं सांगितलं. म्हणाली, “तुला नको असतील तर पुन्हा घालून देते. पण मला ह्या मांडायच्यात.”

सिंधूबाईचं तोंड एवढंसं झालं. “राहेल, नाशिकची माणसं आहेत. हसतील गं.”

“हसू दे. टेबलापाशी मी उभी राहते.”

“तुझ्या नावानं हसतील!”

“माझ्याच नावानं हसू दे,” राहेलबाई म्हणाली. सिंधूबाईनं टोपलं उचलून आत नेलं.

लग्न लागलं. आशीर्वाद झाला. मांडवात रुखवत मांडलेलं. भरतकाम, लाडू, शेवया, आणि मधोमध मोठ्या परातीत ते हत्ती आणि चपला! शेजारी राहेलबाई, काठापदराचं लुगडं नेसून. मांडवाच्या कनातीला पोरांची रांग चिकटलेली, एंजल सगळ्यात पुढं. कुणाला जेवणाची आठवण नाही.

आणि आली! नवऱ्याची आत्या आली, चष्मा नाकावर, मागं बायकांचा घोळका. शेवया पाहिल्या — हं. लाडू पाहिले — बरे आहेत. परातीपाशी थबकली. एक उचलली, उजेडाकडं धरली.

“अगंबाई! ही कुरडई आहे का चिमणीचं घरटं?”

हशा! सगळा घोळका हसला. कनातीपाशी एंजलची मान खाली गेली. आणि आत्याबाईनं तोच प्रश्न विचारला. “कुणाच्या हातची म्हणायची ही?”

राहेलबाई पुढं झाली. पदर सारखा केला. आणि चाळीस वर्षांत कधी लागला नव्हता असा आवाज लागला तिचा! “ही? ही भालेरावांच्या एंजलची! आयुष्यात पहिल्यांदा सोऱ्या धरला पोरीनं. आणि हा हत्ती बघा, हा रूबेनचा. सोंड बघितली का? ही शेपटीची आमच्या छोट्या सुहासिनीची, कडेवरनं उतरून घातलीय. आणि ही —” सांगतेय हो! एकेक उचलून, एकेकाचं नाव घेऊन सांगतेय! मांडवातला हशा कधी थांबला ते कुणाला कळलं नाही. आत्याबाईनं चष्मा काढून पुसला.

“आणि यात तुमची कुठली?”

“माझी एक पण नाही!” राहेलबाई म्हणाली, मान ताठ, डोळ्यांत पाणी. “मी नुसता चीक शिजवला. कुरडया माझ्या पोरांच्या!”

माझ्या पोरांच्या! कनातीपाशी जो आरडाओरडा झाला म्हणता — वाजंत्रीवाल्यांना वाटलं वरात निघाली, त्यांनी वाजवायलाच सुरुवात केली!

आता सांगा, मंडळी. हा अभिमान पाप का पुण्य? बोला की! मघाशी लई जोरात बोलला होता कुणीतरी! ‘माझ्या हातची’ म्हणताना बाईचीच मान ताठ होती. ‘माझ्या पोरांच्या’ म्हणताना मांडवात कितीतरी माना ताठ झाल्या, त्या खाली गेलेल्या मानेसकट. प्रभूनं शिष्यांचे पाय धुतले तेव्हा वाकला तो एकटा. ताठ कोण झालं? ते मासे धरणारे शिष्य! जे जगाला हलवून आले!

आणि तुम्ही? घरी पोरीनं पहिली चपाती लाटली, तिचा नकाशा झाला, काय केलंत? “सर बाजूला, मी करते”! पोरानं उपासनेत तबला धरला, ताल चुकला, “बस खाली”! अहो, पंचवीस वर्षं एकच माणूस गीत सांगतो, एकच बाई गोष्ट सांगते, एकच भाऊ माईक धरतो, आणि मग आपणच म्हणतो, पोरं चर्चला का येत नाहीत! कशी येतील? त्यांच्यासाठी जागा ठेवलीय कुठं?

परवापासून आपल्या या मंडळीचा मुलांचा वर्ग आहे. पाळकसाहेबांना माणसं हवीत. ज्यांना सगळं उत्तम येतं त्यांनी घरीच बसावं, आम्हाला त्यांचा उपयोग नाही! ज्यांना पोराचं वाकडं काम हातात घेऊन चारचौघांत उभं राहता येतं, त्यांनी यावं. आणि शेवटच्या दिवशी कुणी विचारलं, यात तुमचं काय? तर लाजू नका. छातीवर हात ठेवून सांगा, “माझं काही नाही हो. मी नुसता चीक शिजवला!”

बोला, ज्यानं पोराच्या भाकरी हातात घेतल्या, त्या प्रभूचा — जयजयकार!